मलमलमधून चाळलेलं पीठ

साबणाने ताणणारी, पाण्याने चुरचुरणारी आणि शेजारणींच्या प्रत्येक उपायाने जास्तच चिडणारी कातडी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं यात नाहीत. ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी अंग बघून द्यायची असतात. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर घरी रोज सकाळी जे करावं लागतं, त्याबद्दल मात्र सगळं सांगणार आहे. आणि एका बाईबद्दल सांगणार आहे, जिच्या गिरणीत मी इतकी वर्षं दळण टाकत होते आणि तिला ओळखत नव्हते.

मी सुनंदा. वय एकोणपन्नास. राहते बदनापूरला, नोकरी जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचे, लिहायचे. एकोणीस वर्षं हेच केल्यामुळे घरीही प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सवय लागली आहे. किराणा, गॅसची टाकी, कुणाला कधी ताप आला, सगळं वहीत. या आजाराचीही वही आहे. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे.

सतरा नोंदी

हाताला इसब मला जुनाच. थंडीत फुटायचा, मलम लावलं की बसायचा. त्या वर्षी मार्च आला तरी तो बसला नाही. मानेवर गेला, मग पोटऱ्यांवर. रजा टाकून दवाखान्यात जायच्या ऐवजी मी मोबाईलवर नैसर्गिक उपाय शोधले आणि शिस्तीत एकेक करत गेले. कडुलिंबाचा वाटलेला पाला. बेसन आणि लिंबू. हळद आणि दही. मुलतानी माती. प्रत्येकाची तारीख, प्रमाण, किती वेळ अंगावर ठेवलं, सगळं लिहून.

एप्रिलच्या एका दुपारी, बाहेर ऊन भाजून काढत असताना, मी शाल पांघरून थरथरत बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत अंग लाल, आणि जिथे हात लावावा तिथून पापुद्रे. आमचे हे कामावरून आले. ते रोलिंग मिलमध्ये आहेत. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती.

"नुकती कातरलेली मेंढी दिसायली तू," ते म्हणाले.

मी हसले, आणि हसताना ओठाच्या कडेला भेग पडून रक्त आलं. ते बघून त्यांचा चेहराच उतरला. "चल, जल्दी. वही राहू दे."

वही मी घेतलीच.

जालन्याच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय काय लावलंत?" मी पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, पेनाने एकेक ओळ मोजत.

"सतरा," त्या म्हणाल्या. "इतक्या सुंदर अक्षरात स्वतःचं नुकसान लिहून आणणारी पेशंट मला पहिल्यांदा भेटली."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्या अंगाची कातडी सुजली आहे. कातडी अंगातली ऊब धरून ठेवते, पाणी धरून ठेवते. तुमची सध्या काहीच धरत नाहीये, म्हणून या उन्हात थंडी वाजते. आजच ॲडमिट व्हायचं."

"किती दिवस?" मी विचारलं. मला लिहायचं होतं.

"ते तुमची कातडी ठरवेल."

वहीत त्या दिवसाची जागा मी रिकामी सोडली. भीती अशी वाटते, हे मला तेव्हा कळलं: ओळ तयार आहे आणि आकडा नाही.

उन्हातली बरणी

नऊ दिवस राहिले. सकाळी सात वाजता चादर झटकायची. दहाला अंगभर दाट मलम, त्यावर ओल्या सुती पट्ट्या, त्यावर कोरडे कपडे. चार वाजता पुन्हा तेच. मध्ये सलाईन, रक्त तपासणी, आणि छताकडे बघणं.

पहिल्या सकाळी वॉर्डातल्या कमलमावशींनी चादर झटकली तेव्हा फरशीवर पांढरा थर पडला. तो माझाच होता. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"लाजायचं काय त्याच्यात?" त्या झाडू मारत म्हणाल्या. "लोकांच्या चादरीत काय काय असतं, सांगत बसले तर जेवण जाणार न्हाई तुमचं."

अंगावर मलम पडलं की बर्फ पडल्यासारखं व्हायचं. मी दात आवळून बसायची. तिसऱ्या दिवशी ते गार लागलं नाही. मला वाटलं, मी बरी होते आहे. मग दिसलं, की मावशी साडेनऊलाच मलमाची बरणी खिडकीतल्या उन्हात ठेवतात. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. माझे आवळलेले दात त्यांनी दोन दिवस बघितले होते, एवढंच. मी वहीत लिहिलं: "बरणी, उन्हात, अर्धा तास." दवाखान्यातून मी जे काही शिकून आले त्यातली ही सगळ्यात उपयोगी ओळ आहे, आणि हिवाळ्यात मी अजून तसंच करते.

विहीणबाईंचा फोन

पल्लवी माझी एकुलती एक मुलगी. सासर पिंपळगाव रेणुकाईला. तेव्हा तिला तिसरा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. बाळंतविड्यापासून अंगडी-टोपड्यांपर्यंत माझी यादीही सुरू झाली होती. सहाव्या दिवशी तिच्या सासूबाईंचा फोन आला.

"सुनंदाताई, एक इचारू का? राग नका मानू. त्याची लागण व्हती का?"

"नाही हो. डॉक्टरांना विचारलंय. कुणाला लागत नाही."

"तसं न्हाई... पर तुम्हाला पाण्यात हात घालता येत न्हाई म्हणं. मंग बाळाला न्हाऊ कोण घालणार? बाळंतिणीचं कोण करणार? पोरीला इथंच राहू द्या की."

त्या वाईट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून ते जास्त लागलं. शेवटी ठरलं, सातव्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, त्या पल्लवीला घेऊन येतील, मला बघतील आणि मग काय ते ठरवू. मी वहीत नवीन पान काढलं आणि वर एकच ओळ लिहिली: "ऑगस्टपर्यंत हात पाण्यात."

दगडाच्या दोन मुठी

घरी आल्यावर नियम सोपे होते. कोमट पाणी, दहा मिनिटं, अंग टिपायचं, ओलसर असतानाच मलम. साबण कायमचा बंद. पण नुसत्या पाण्याने आदल्या दिवशीचं मलम, घाम आणि रस्त्यावरची धूळ निघत नाही. साबणाऐवजी वापरायची दोन तयार द्रावणं डॉक्टरांनी दिली. दोन्ही मला झोंबली. तेव्हा त्या म्हणाल्या, "साध्या, बिनचवीच्या ओट्सचं अगदी बारीक पीठ करून बघा. आधी हाताच्या आतल्या बाजूला, छोट्या जागेवर. झोंबलं तर लगेच बंद. आणि त्यात दुसरं काही घालायचं असेल तर आधी मला विचारायचं. नंतर वही दाखवायची नाही."

मिक्सरमधून काढलेलं पीठ वाळूसारखं टोचलं. मी पुडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गिरणीत गेले.

गिरणी शमीमआपांची. वय साठीच्या पुढे. नवरा गेल्यापासून त्या एकट्या चालवतात. डोक्याला आणि नाकाला पांढरी ओढणी, पापण्यांवर पीठ. "आपा, हे एकदम बारीक करून द्या," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी चिमूटभर ओट्स बोटांत चोळले, माझ्या मानेकडे बघितलं. "अंगाला लावायचं?"

"हो."

"मंग माझ्या चक्कीत बिलकुल न्हाई."

"का हो?"

"सकाळपासून गहू झाला, हरभरा झाला. बाजूला मिरचीचं मशीन हाये, भुकटी उडून राह्यली. दगडात सगळं बसतं. ते तुझ्या पिठात उतरणार, पिठातून अंगात. उद्या ये. दुपारून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणी लवकर बंद केली. अंगणात त्यांच्या आईचं जातं धुऊन उन्हात वाळत ठेवलं होतं. त्या दगडाला बऱ्याच वर्षांत छिन्नीची टाकी लावलेली नव्हती, म्हणजे ताजी कच निघायची भीती नव्हती. हे त्यांनी आधीच हात फिरवून बघितलं होतं. पहिल्या दोन मुठी दळल्या आणि कोंबड्यांना टाकल्या.

"वाया गेलं की," मी म्हटलं.

"त्या दोन मुठी दगडाच्या. दगडाजवळ जे काय हाये ते त्याच्यात जाऊ दे. मंग आपलं घे."

त्या सावकाश दळत होत्या, मध्ये थांबून दगडाला तळवा लावत होत्या. दगड तापला तर पीठ चिकट होतं, असं त्यांचं म्हणणं. मग पातेल्याच्या तोंडावर धुतलेली मलमलची ओढणी ताणून बांधली आणि बोटांच्या टोकांनी पीठ चाळत बसल्या. अर्धी वाटी व्हायला पाऊण तास. मी तीनदा घड्याळ बघितलं.

"ते घड्याळ काढून ठेव," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नाहीतर घरी जा."

खाली पडलेलं पीठ बोटांत घेतलं तर बोटांना बोटंच लागत होती, मध्ये काही आहे असं वाटत नव्हतं.

पाण्याचा चौकोन

पुढचं काम माझं. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने चार चौकोन काढले. एक चौकोन कायम नुसत्या पाण्याचा. प्रयोगशाळेत आम्ही असाच एक साधा नमुना बाजूला ठेवतो. तो नसेल तर कशाने काय झालं ते कळत नाही.

पहिला प्रयत्न, पीठ आणि पाणी, लेपासारखं: वाळताना ताणलं. दुसरा, तयार करून बाटलीत भरलेलं: तिसऱ्या दिवशी आंबूस वास, न लावता फेकलं. तिसरा, डॉक्टरांना विचारून ग्लिसरीन घातलेला: बरा, पण चिकट. चौथा असा. एक चमचा पीठ उकळून कोमट केलेल्या वाटीभर पाण्यात पाच मिनिटं भिजवायचं, स्वच्छ फडक्यातून पिळायचं, खाली येणाऱ्या दुधट पाण्यात ग्लिसरीनचे पाचच थेंब. ते हाताने अंगावर फिरवायचं, चोळायचं नाही, कोमट पाण्याने उतरवायचं. रोज ताजं, उरलं तर झाडाला.

चौथ्या चौकोनात दुसऱ्या दिवशी काहीही नव्हतं. आमच्या कामात "काहीही नाही" हा सगळ्यात वाईट निकाल. त्या दिवशी मी तो दोनदा अधोरेखित केला.

तीन आठवडे मान आणि हात शांत राहिले. जूनच्या अखेरीस मी कामावर रुजू झाले. एका सकाळी मी स्वतःची कपबशी विसळली आणि आमचे हे दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी दुसरी कपबशीही माझ्याकडे सरकवली.

पितळी चाळणी

मग मी घाई केली. पाचव्या खेपेला आपांना म्हटलं, "तुम्ही नुसतं दळून द्या, चाळायचं मी बघते." पाऊण तास वाचवायचा होता. माझ्याकडे फळीवर एक पितळी चाळणी होती, अतिशय बारीक जाळीची, कधीकाळी प्रयोगशाळेने जुनी म्हणून काढून टाकलेली. ती मी दोनदा घासून धुतली आणि दहा मिनिटांत पीठ चाळून मोकळी झाले. चौथ्यासारखंच तर करायचं होतं, म्हणून चौकोन काढायचाही कंटाळा केला.

दुसऱ्या सकाळी दोन्ही हात आणि मान पेटल्यासारखी. संध्याकाळपर्यंत बोटं मिटेनात. डॉक्टरांनी ते पीठ ताबडतोब बंद करायला सांगितलं, औषध वाढवलं. विहीणबाई यायला तीन आठवडे राहिले होते.

मी वही काढली. ओट्स तेच, पाणी तेच, ग्लिसरीन तेच, वेळ तीच. सगळं तेच असेल तर एकच अर्थ निघतो: हे मला सोसतच नाही. मी लिहिलं, "प्रयोग बंद."

"पल्लवीला सांगून टाकू का, तिकडंच राहा म्हणून?" यांनी विचारलं. "तिला नाराज करायचं काम मी करतो."

"थांबा," मी म्हटलं. यांनी फोन हातातच धरून ठेवला.

दिवेलागणीला आपा आल्या. माझे हात बघितले, हळहळल्या नाहीत. "वाच," म्हणाल्या.

मी वहीतली पाचव्या खेपेची नोंद वाचली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "चाळलं कशातून?"

ते वहीत नव्हतं. मी यांना फळीवरची चाळणी आणायला सांगितली. आपांनी ओढणीचं पांढरं टोक फरशीवर पसरलं, चाळणी त्यावर उलटी धरली आणि कडेवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक केलं, जसं त्या गिरणीत गिऱ्हाइकाच्या चाळणीला करतात.

ओढणीवर गुलाबी धुळीची बारीक रेघ पडली.

तो गुलाबी रंग मी रोज बघते. किडीचं विषारी औषध लावलेल्या बियाण्याला तो मुद्दाम देतात, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. त्याची धूळ किती सुटते हे बघायला कधीतरी ती चाळणी वापरली गेली होती. मी जाळी घासली होती. धूळ कडेच्या दुमडीत बसून होती. इथली एक वस्तूही घरी न्यायची नाही, असं मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी बजावते. एकोणीस वर्षं बजावते आहे.

"चूक माझी आहे, आपा."

"वही चांगली हाये तुझी," त्या ओढणीचं टोक आतल्या बाजूला गुंडाळत म्हणाल्या. "पर भांडी पण लिहीत जा." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, चक्कीवर येणारी हर बाई म्हणती, पीठ खराब दिलं. पिठाला काय झालेलं नसतं. त्याच्या आधी काय गेल्तं, ते बघावं लागतं."

मी शिकलेल्या लोकांमध्ये काम करते. चूक शोधणारे खूप बघितले. चूक सापडल्यावर तिचा आनंद न घेणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, गल्लीत कुणाला सांगितलं नाही. चाळणी मी पिशवीत बांधून कंपनीत परत दिली आणि साहेबांना आणि मुलींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. एकीने दुसऱ्या दिवशी घरून तीन डबे परत आणले.

दहा-बारा दिवसांनी हातांची पुन्हा उघडमीट होऊ लागली. डॉक्टरांना विचारून सहावी खेप केली. आधी चौकोन काढला. मलमलमधून, पाऊण तास. घड्याळ मी घरीच ठेवून गेले होते.

ऑगस्ट

विहीणबाई आल्या. पल्लवीला पोट सांभाळत गाडीतून उतरताना बघून मला धावत जावंसं वाटलं, पण मी आधी चहा टाकला. उघड्या हातांनी पाणी दिलं, चहा दिला. त्या पावसाचं बोलल्या, सोयाबीनचं बोलल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "बघू हात."

मी पुढे केला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःचा हात शेजारी ठेवला. खुरपून खुरपून त्याला भेगा पडल्या होत्या.

"माझाच खरबडा निघाला की," त्या म्हणाल्या. "कशानं धुता तुम्ही?"

"ते आपांना विचारा," मी म्हटलं. आपा दारातच उभ्या होत्या. निमित्त काढून आल्या होत्या.

"शिकवते," आपा म्हणाल्या. "पर घाई करणारीला न्हाई शिकवत. एक शिकवली, पुरे झालं."

विहीणबाई मोठ्याने हसल्या. जाताना त्यांनी माझ्याशी काही ठरवलं नाही की विचारलं नाही. गाडीजवळ जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "पल्लवीची बॅग काढ. ती निळी पण."

अंघोळ

नात झाली. घरी आणायच्या आधी डॉक्टर मॅडमना विचारलं, बाळाला आमच्या पिठाचं पाणी चालेल का. त्या म्हणाल्या, "बाळाला फक्त कोमट पाणी. तुमचं पीठ तुमच्या हातांसाठी." म्हणजे सहा खेपा आणि ते सगळे चौकोन बाळासाठी नव्हतेच. आपांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग कोणासाठी केलं आपण? तुझ्याचसाठी की."

इतरांना एवढंच सांगते. माझ्या कातडीला जे चाललं ते तुमच्या कातडीला चालेलच असं नाही. आधी डॉक्टर, मग छोटा चौकोन, आणि शेजारी नुसत्या पाण्याचा एक. पीठ कोरडं ठेवा, पाणी रोज ताजं. काय घातलं ते लिहा; कशात दळलं, कशातून चाळलं, कशात कालवलं, तेही लिहा. आणि तुमच्यापेक्षा सावकाश काम करणारं एखादं माणूस जवळ असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

पहिल्या अंघोळीला मी न्हाणीत पाय लांब करून बसले. पल्लवीने बाळ माझ्या नडग्यांवर ठेवलं. आपा तांब्या घेऊन शेजारी. त्यांनी कोपर बुडवून पाणी बघितलं, मलाही बघायला लावलं.

"बराबर?"

"बराबर."

त्यांनी धार आधी माझ्या तळव्यांवर सोडली. झोंबलं नाही. मग मी ते हात तिच्या पाठीवरून फिरवले, आणि ती रडायची थांबली नाही, पण आपा म्हणाल्या, "आवाज चांगला हाये पोरीचा."

वही मी खिडकीत उघडून ठेवली होती, वेळ टिपायची म्हणून. दुपारी बघितली तर पानावर तारीख आहे, पुढे काही नाही. माझे हात ओले होते.